गाडी सकाळी थरथरते, दुपारी बरी असते

आरमोरी,
रविवार, १४ डिसेंबर १९८६

आदरणीय देवरावभाऊ यांस,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे सर्व ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, आणि कोपरापासून वर मी खरोखर ठीक आहे. कोपराखाली डिझेल आहे. साबणाने जात नाही, राखेने जात नाही. परवा फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा बोटांतून निसटला. तुमचा खोकला कसा आहे? माजरीच्या धुळीत आणि या थंडीत तुम्ही मफलर बांधत नाही अशी तक्रार वहिनींनी कमलाकडे कळवली होती. बांधत चला. वहिनींच्या कमरेला आता आराम असावा. कमला (तुमची बहीण, सध्या माझी परीक्षक) बरी आहे, फक्त तिच्या टाचा बऱ्या नाहीत. पण टाचांचा विषय पुढे येणारच आहे, तो इथे काढला तर सगळंच उलटंपालटं होईल.

तुमचं आठ तारखेचं पत्र गुरुवारी मिळालं. सोमवारी पत्रूला गाडीसकट माजरीला पाठवा, त्याच्याच हाती तुमचं लेखी मत द्या, इंजिन त्याच्या हलगर्जीने बिघडलं असेल तर किल्ली मी इथेच काढून घेतो, पहिल्या तारखेपासून दुसरा ड्रायव्हर तयार आहे, असं तुम्ही लिहिलंत. पत्र मी तीनदा वाचलं. सात वर्षं तुमचा ट्रक चालवणाऱ्या, तीन लेकरांच्या बापाची नोकरी माझ्या एका कागदावर ठरणार. मी नववीच्या पोरालाही नापास करण्याआधी पेपर दोनदा तपासतो. तेव्हा हे पत्र लांबणार आहे. वहिनींना चहा टाकायला सांगा.

मत द्यायचं तर सुरुवातीपासून द्यायला हवं, आणि सुरुवात चोवीस नोव्हेंबरची आहे. त्या दिवशी पत्रू मळणीचं धान चुरायला सहा दिवसांसाठी गावी गेला आणि गाडी नेहमीसारखी आमच्या अंगणात, कडुनिंबाखाली उभी राहिली. टाकीत साठेक लिटर डिझेल होतं. संध्याकाळी मी अंगणात फेऱ्या मारत असताना मनात आलं, की या सहा दिवसांत कुणी टाकीतून डिझेल काढून नेलं, तर देवरावभाऊंना साहजिकच पत्रूचा संशय येईल. निर्दोष माणसावर आळ येऊ नये. (ही माझी त्या दिवशीची नोंद आहे. वहीत शब्दशः अशीच आहे. आता वाचताना तोंड कुठे लपवावं कळत नाही.) म्हणून टाकीतलं सगळं डिझेल काढून घरात सुरक्षित ठेवायचं मी ठरवलं. वक्रनलिकेचा प्रयोग मी बावीस वर्षं वर्गात पाण्यावर करून दाखवत आलो आहे. डिझेलवर पहिल्यांदाच केला. तत्त्व तेच आहे, चव वेगळी आहे. तीन घोट पोटात गेल्यावर धार लागली आणि पंधरा पंधरा लिटरचे तेलाचे चार पिपे भरले. चारही पिपे मागच्या खोलीत नेऊन ठेवले आणि वहीत लिहिलं: पिपे चार.

एकोणतीसला, शनिवारी, सकाळची शाळा आटोपून आलो. पत्रू दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून डिझेल परत टाकीत घालायला काढलं. पिपे एकेक करून अंगणात आणत होतो, तेवढ्यात बापूजी आले. बापूजींना तुम्ही ओळखता, धानाच्या गिरणीचं डिझेल इंजिन त्यांनी तीस वर्षं सांभाळलं. नातवाच्या गणिताच्या मार्कांविषयी त्यांना बोलायचं होतं, आणि मार्क तसे असल्यामुळे बोलणं अर्धा तास चाललं. ते गेल्यावर मी अंगणात पाहिलं, उन्हात पिपे उभे होते. मोजले: चार. वही काढून ताडून पाहिलं: चार. मनाचं समाधान झालं. चारही टाकीत ओतले, झाकण घट्ट लावलं आणि त्या रात्री मला छान झोप लागली. अशी झोप त्यानंतर लागलेली नाही.

तीस तारखेला सकाळी सहाला पत्रूने गाडी सुरू केली. ती सुरू झाली असं म्हणणं जरा उदारपणाचं होईल. खूप वेळ नुसती कण्हत राहिली, मग पांढरा धूर सोडून अशी थरथरायला लागली की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले एकमेकांवर आपटून वाजू लागले, आणि आरसा खिळ्यावर तिरका झाला. मग बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा थरथर, पुन्हा बंद. पत्रू खाली उतरला, बॉनेट उघडून आत पाहत राहिला. म्हणाला, सहा दिवसांआधी तं चांगली ठेवून गेलो होतो. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) अकरा वाजता, ऊन चढल्यावर, तीच गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच कण्हणं.

दोन तारखेला मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य आहे: 'पत्रू परत आला त्याच दिवसापासून इंजिन बिघडले आहे, यावरून काय समजायचे ते आपण समजावे.' भाऊ, हे वाक्य मी जाणूनबुजून लिहिलं नाही. खरं तर जाणूनबुजूनच लिहिलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, म्हणून त्याचा दोष मला लागणार नाही असं मला वाटलं होतं.

त्यानंतर आमचं घर हे घर राहिलं नाही. नववीला मी डिझेल इंजिनची आकृती शिकवतो, रंगीत खडूंनी, चारही क्रिया वेगवेगळ्या. खरं इंजिन मात्र उघडं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्यावर ते आकृतीसारखं अजिबात निघालं नाही. तरी अंगणाच्या भिंतीवर आकृती काढून मी पत्रूला सगळं नीट समजावून सांगितलं: आधी हवा आत येते, मग ती दाबली जाते, मग डिझेलचा फवारा, मग धूर बाहेर. त्याने हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "हे समदं आतमंदी होत असते काय सर? मंग बरं हाय, दिसत नाई ते."

बापूजींना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते रोज सकाळी शाल पांघरून येत आणि पायरीवर बसत. त्यांचं निदान पहिल्या मिनिटाला झालेलं होतं: लाइनीत हवा धरली. त्यांच्या गिरणीच्या इंजिनला तीस वर्षांत दुसरा कोणताच आजार झाला नव्हता. तेव्हा हातपंप मारून हवा काढणं सुरू झालं. पत्रू नट सैल करी, मी पंप मारी, बापूजी मोजत. हवा निघाली की नाही ते समजलं नाही, पण तोवर अकरा वाजत, गाडी सुरळीत चालू लागे आणि बापूजी "निंगाली" म्हणून जेवायला जात. असं चार दिवस चाललं. चार दिवस रोज तीच हवा निघत होती.

मग सहा सिलिंडरांपैकी कुठला आळशी आहे ते शोधायचं ठरलं. त्याची रीत अशी की इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या नळीचा नट सैल करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. बदलला नाही तर तो नुसता बसून होता. (स्टाफरूमलाही ही पद्धत लावता येईल असं वाटून गेलं. मग पहिला नट माझाच सैल करायला हवा असंही वाटलं.) पत्रू नट सैल करी आणि मी वहीत लिही. सकाळी सात वाजता सहाच्या सहा सिलिंडर आळशी. दुपारी बारा वाजता सहाच्या सहा कामसू. असा तक्ता मी शाळेतून रजा टाकून तीन दिवस भरला. इतका व्यवस्थित आणि इतका निरुपयोगी तक्ता माझ्या हातून यापूर्वी झालेला नाही.

मिस्त्रीही आणला. वडशाहून पहिल्या बसने निघतो म्हणाला आणि आला दुपारी एक वाजता. गाडीने त्याला पाहिलं आणि अशी चालली की त्याने रागाने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. मी त्याला थरथर कशी असते ते तोंडाने करून दाखवलं. तो कमलाकडे पाहून म्हणाला, "बाई, सरले थोडा आराम द्या." आणि तीनच्या बसने गेला.

आणखी एक गोष्ट मी वहीत दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा तिच्यावरून पुढे गेलो. दुपारी गाडी चालू असली की सगळीकडे तळणाचा वास येई. पत्रूने वैरागडच्या रस्त्यावर चक्कर मारली तर लोक वळून बघत. माझी नोंद आहे: 'दुपारी ३.१०. शेजारी तळण.' दुसऱ्या दिवशी: 'आजही शेजारी तळण. पाहुणे असावेत.'

या काळात पत्रू मला दोनदा म्हणाला, की सर, टाकी खाली करून धुऊन पाहू काय. दोन्ही वेळा मी त्याला थांबवलं. म्हटलं, टाकीतलं डिझेल सहा दिवस माझ्या घरात, माझ्या देखरेखीखाली होतं. गाडीच्या बाकी सगळ्या भागांवर संशय घेता येईल, पण टाकीवर घेता येणार नाही. हे मी जरा कडकपणे म्हटलं. तो "बरं" म्हणाला.

नऊ तारखेला भल्या सकाळी बापूजींच्या आग्रहावरून फिल्टर उघडला. आत लोण्यासारखा पांढरट गोळा होता. बापूजी म्हणाले, डिझेलमध्ये पाणी गेलं की त्याचं असं दही होतं. (होत नाही. पण मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.) पत्रूने तो गोळा बोटावर घेतला, नाकाजवळ नेला, एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बोट चिंधीला पुसून खाली बघत राहिला. मी वहीत लिहिलं: 'पत्रू गप्प. काही लपवतो आहे काय?'

आता टाचा. दर उन्हाळ्यात आपल्या बायनाआत्या धानोऱ्याकडून कमलाला एक पिपा टोरीचं तेल पाठवतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोहाच्या बियांचं ते तेल थंडीत तुपासारखं थिजतं, म्हणून कमला हिवाळ्यात पिपा दुपारी अंगणात उन्हात ठेवते आणि वितळलं की वाटीभर काढून घेते. रोज रात्री टाचांना लावते. गेले दहा-बारा दिवस ती कुरकुरत होती की यंदाचं तेल काही बरं नाही, भेगा बुजायच्या सोडून वाढताहेत आणि कातडी जळजळते. वास वेगळा येतो हे तिला समजायला हवं होतं, पण तोवर आमच्या घरात उशीपासून भातापर्यंत सगळ्याला एकच वास येत होता. आत्यांनी तेलात भेसळ केली असा तिचा निष्कर्ष निघाला, आणि धानोऱ्याला जाणाऱ्या एका बाईबरोबर तिने तसा निरोपही धाडला. (आत्यांचं तुम्हाला पत्र आलं तर त्यामागची हकिगत ही अशी आहे.)

शुक्रवारी संध्याकाळी ती सहज बोलून गेली. म्हणाली, "यंदा हे तेल थिजतच नाही. एवढी थंडी पडली, तरी पाण्यासारखं."

मी तुमचंच पत्र चौथ्यांदा वाचत बसलो होतो. ते खाली ठेवलं. भाऊ, पदार्थ थंडीने गोठतात आणि उष्णतेने वितळतात हे मी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना शिकवलेलं आहे. जे दरवर्षी थिजतं ते थिजत नाही, आणि जे कधी थिजत नाही ते फिल्टरमध्ये थिजतं. कंदील घेऊन मागच्या खोलीत गेलो. तिच्या पिप्यात बोट बुडवलं. डिझेलची चव मी विसरलेलो नव्हतो.

झालं होतं ते असं. त्या शनिवारी मी तीनच पिपे अंगणात आणले होते. चौथा मागच्या खोलीतच राहिला. अंगणातला चौथा कमलाचा होता, वितळायला उन्हात ठेवलेला. पिपे सारखे, रंग उडालेले, पोचे पडलेले. मोजणी बरोबर आली. मी वही तपासली, पण पिपा हुंगला नाही. पंधरा लिटर टोरीचं तेल मी स्वतःच्या हाताने तुमच्या टाकीत ओतलं, तेही समाधानाने. आणि तुमच्या बहिणीने चौदा रात्री टाचांना डिझेल लावलं. कमलाला हे सांगितलं तेव्हा ती उठून मोरीत गेली. मग तिने पाय धुतले.

काल शनिवारी शाळेतून आल्यावर मी पत्रूला म्हटलं, टाकी धुऊन पाहू. का, कशासाठी, काही न विचारता तो कामाला लागला. टाकी रिकामी केली, धुतली, नळ्या धुतल्या, नवा फिल्टर टाकला, ताजं डिझेल भरलं. आज सकाळी सहा वाजता, तोंडातून वाफ निघत असताना, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. एकही पेला वाजला नाही. बापूजी पायरीवरून म्हणाले, "पाहा, शेवटी हवाच होती."

तेव्हा माझं लेखी मत: इंजिन निर्दोष आहे, ड्रायव्हर निर्दोष आहे. दोषी माणूस विज्ञान शिकवतो. चौदा दिवस गाडी उभी राहिली आणि धानाच्या खेपा गेल्या, त्याबद्दल तुम्ही मला जे बोलाल ते मी ऐकून घेईन. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हरिदास

ता. क. सहा पानं लिहिली आणि मागायचं ते मागितलंच नाही. किल्ली पत्रूच्या हातातून घेऊ नका. दोन तारखेच्या माझ्या पत्रातलं ते वाक्य खोडून टाका. खोडल्याने भागणार नसेल तर पत्रच फाडा. कुणाला तरी काढायचंच असेल, तर मला काढा.

ता. क. दुसरा. पत्रूला मी अजून काही सांगितलेलं नाही. काल दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा टायरमधल्या हवेविषयी बोललो. त्याला सहीपुरतीच अक्षरं येतात, म्हणून तुम्हाला विनंती अशी, की हे पत्र त्याला समोर बसवून वाचून दाखवावं. निदान पिप्यांचा भाग तरी. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून ते बरं जाईल.

ता. क. तिसरा, आणि आता सोमवारची सकाळ आहे. काल पाकीट बंद करण्याआधी कमलाने पत्र वाचलं (भावाला जाणारं पत्र ती वाचल्याशिवाय जाऊ देत नाही). दुसऱ्या ता. क. वर थांबली. म्हणाली, "माजरीले सांगायला सहा पानं लिहिता, अन् तो इथी अंगणात बसून आहे." मग मला जावं लागलं. पत्रू टायरची हवा तपासत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वही न उघडता.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मालूम आहे सर. फिल्टर खोलला तवाच मालूम झालं. टोरीचा वास माह्या नाकाले नाई समजन काय?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. नोकरी जायची पाळी आली होती.

"मले वाटलं बाईनं टाकलं. मालकाची बहीण. तिचं नाव माह्या तोंडून काऊन निंगावं? टाकी धुऊ म्हनलं मी तुमाले, तुमी नाई म्हनले. मंग मी काय करू?"

म्हणजे पाच दिवस हा माणूस कमलाचं नाव येऊ नये म्हणून नोकरी घालवायला तयार होता, आणि मी वहीत तो काय लपवतो ते शोधत होतो. कमलाने दारातून हे ऐकलं. तिने त्याला पुन्हा चहा दिला. मला विचारलं नाही, आणि मी मागितला नाही. माफी मात्र मागितली. तो म्हणाला, राहू द्या सर, होते असं. मला जरा हलकं वाटलं. तेवढ्यात तो पान्हा पुसत म्हणाला, की माजरीच्या पत्रात त्याच्याकडूनही एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती मी जशीच्या तशी लिहावी. लिहितो:

"गाडी मी चालवतो. पन देवरावभाऊ, गाडी आता सरच्या घरी नाई ठेवाची. सर मानूस चांगला हाय. पन गाडी दुसरीकडं कुठी ठेवा."

रात्रभर विचार केला. त्याच्या म्हणण्यात मला कुठेही खोट सापडली नाही, म्हणून शिफारस करतो. जागा शोधायची तसदी तुम्ही घेऊ नये. बापूजींच्या गिरणीमागे गाडी उभी राहू शकते. कमलाने ती शुक्रवारीच, पाय धुऊन झाल्यावर, जाऊन विचारून ठेवली आहे.